नव्या टॉवरमध्ये भाड्याने जाताना

ठाण्यात घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये घर बघतोयस ना? जिम, स्विमिंग पूल राहू दे, आधी ओसी (इमारतीत राहायला परवानगी देणारं पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र) आलीय का विचार. 'पार्ट ओसी आहे', म्हणजे काही भागापुरतीच, असं म्हणाले, तर तुझा मजला त्यात येतो का ते कागदावर बघ. मग खाली वॉचमनला गाठ: पाणी पालिकेचं की टँकरचं, आणि मे महिन्यात काय हाल असतात? एजंटपेक्षा तो खरं बोलतो. बाथरूमचे सगळे नळ एकदम सोड. नव्या इमारतीत जाळीखाली सिमेंटचा गाळ बसलेला असतो बरेचदा, पाणी लगेच तुंबतं. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी मालकाची. 'नोटरीवर भागवू' म्हणाला, तर सरळ दुसरं घर बघ.