पंप कपाटात कुलूपबंद नको

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. वर्गातला एक मुलगा खो-खो खेळताना मध्येच खोकत कडेला बसतो. थंडीत, ऊसतोड सुरू झाली की आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस गैरहजर. आई म्हणते, "कफाचा त्रास आहे, छाती भरते." दिवाळीनंतर एकदा वर्गातच धाप लागली. दप्तरात निळा पंप होता, पण माझा हात धजावला नाही. मुख्याध्यापक म्हणतात, नसती जबाबदारी नको. हा दमाच का? खेळू द्यावं का? पंप कुणी द्यायचा?
— एक शिक्षिका, जि. कोल्हापूर

उत्तर : बाई, अर्धं निदान तुम्हीच लिहून पाठवलंत. खेळताना खोकला, थंडीत आणि धुरात वाढ, मधले दिवस ठणठणीत, दप्तरात निळा पंप. दमाच असणार. "कफाचा त्रास" हे त्याचं घरात ठेवलेलं लाडाचं नाव. त्यात आम्हा डॉक्टरांचाही हात आहे. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा केसपेपरवर "ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस" लिहीत असे, कारण दमा म्हटलं की आजी डोळ्यांना पदर लावायची, आणि मुलगी असली तर पुढच्या लग्नाची काळजी तिथेच सुरू. नाव लपवल्याने पालकांना बरं वाटलं, पण रोजचं औषध त्यांनी महिन्याभरात बंद केलं.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. धूर, धूळ, गार हवा किंवा साधी सर्दी मिळाली की त्या आवळतात, चिकट कफ साचतो. मग मोकळ्याही होतात. त्यामुळे सकाळी अकराला पोर माझ्यासमोर येतं तेव्हा छाती साफ असते. नळी लावून मला काही ऐकू येत नाही. तुम्ही त्याला दिवसाचे सहा तास बघता. मागे एका बाईंनी चौकटी वहीचं पान फाडून आईबरोबर पाठवलं होतं : "सोमवार – कवायतीनंतर दहा मिनिटं खोकला. मंगळवार – फळा पुसल्यावर. बुधवार – गोष्ट ऐकताना खूप हसला, ढास लागली. गुरुवार – गैरहजर, रात्रभर जागा." माझ्या तपासणीपेक्षा ते पान कामाचं ठरलं. धावल्यावर धाप सगळ्यांनाच लागते, पण दोन-चार मिनिटं बसलं की उतरते. दमेकरी मुलाचा खोकला बसल्यावर उलट वाढतो. एवढं घड्याळ लावून बघा आणि लिहा. (दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, ताप आणि घटतं वजन असेल तर क्षयाची तपासणी आधी.)

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत हा आजारही आहे. पण नेमकी त्या दिवशी छाती साफ असली तर पोर सुटून जाणार. तुमचं पान त्यांच्याही हातात द्या.

खेळाचं मला जरा मनापासून सांगायचंय, कारण इथे मी चुकले आहे. "यास खेळातून सूट द्यावी" अशा चिठ्ठ्या मी ढिगाने दिल्या. एक पाचवीतला मुलगा सातवीत पुन्हा आला, चांगला जाड होऊन. खेळाच्या तासाला काय करतोस विचारलं तर म्हणाला, "गुण लिहितो." दोन वर्षं तो कडेला बसून दुसऱ्यांचे गुण लिहीत होता. बसलेला असल्याने धाप लागत नव्हती, म्हणून आईला वाटलं बरा झाला, आणि मलाही. तेव्हा खेळू द्या. आधी अंग गरम होईपर्यंत हळू पळू दे. खेळताना त्रास होतोय याचा अर्थ रोजचं औषध कमी पडतंय, आणि ते डॉक्टरांना कळायला हवं.

आता पंप. निळ्यात बहुधा साल्ब्युटामॉल असतं, आवळलेली नळी लगेच सैल करणारं. सूज उतरवणारा दुसरा पंप सकाळ-संध्याकाळ घरी घ्यायचा असतो. रंगावर विसंबू नका, नाव वाचा. धाप लागली की पोराला ताठ बसवा, आडवं करू नका, भोवतीची पोरं हटवा. पंप हलवून स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) लावा, एक दाब, चार-सहा श्वास, मग दुसरा. असे चार. चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार, आणि १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ सालीच दाखवलंय की अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकं काम देते.

स्वतःचं पूर्ण नाव एका दमात सांगता येईना, बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर, पोर झोपाळलेलं, तर चार मिनिटं मोजत बसू नका, पंप देता देताच फोन करा. आणि छातीतली शिट्टी थांबली पण पोर मलूलच आहे, तर हायसं वाटून घेऊ नका. हवाच आत जात नसली की शिट्टीही वाजत नाही.

मुख्याध्यापकांची भीती खोटी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी (औषधाचं नाव, किती दाब) आणि पालकांची सही घ्या, हजेरीपटाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. निदान चुकलं तरी चार दाबांनी थोडा वेळ हात थरथरतील, छाती धडधडेल. न देण्यात धोका जास्त. पंप मात्र मुलाजवळ किंवा तुमच्या टेबलाच्या खणात. कार्यालयाच्या कपाटात ठेवला की सर मीटिंगला आणि किल्ली त्यांच्या खिशात. फळा ओल्या फडक्याने पुसा, झाडलोटीतून त्याला वगळा, पोषण आहाराच्या चुलीचा धूर वर्गात येत असेल तर त्याची जागा बदला.

प्रश्न : चौथीतल्या मुलीला दमा आहे. मृगाला हैदराबादला मासा गिळवायला न्यावं का? पंपाची सवय लागते म्हणतात.
— एक वडील, लातूर

उत्तर : त्या माशाने दमा जातो याला पुरावा नाही. जिवंत मासा पोराच्या घशात मी घालू देणार नाही. दरवर्षी मी बघते ते वेगळंच : मासा गिळला म्हणून पंप बंद होतो, आठवड्यात शाळा सुरू होते, पहिल्या पावसात सर्दी होते आणि पोर रात्री दवाखान्यात. सवयीचं म्हणाल तर पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल, आणि लोक बिनघोर पाजतात त्या सिरपच्या एका चमच्यात दोन मिलिग्रॅम, म्हणजे वीस दाबांइतकं. पुढच्या वेळी येताना दोन्ही पंप घेऊन या आणि मुलीला माझ्यासमोर घ्यायला लावा. निम्मी मुलं औषध जिभेवरच मारून घेतात.