पहिले तीन दिवस: सायकल, तंबू आणि कोकणातले चढ

प्रश्न : मी 38 वर्षांची, सांगलीची. डिसेंबरात एकटीने तंबू घेऊन मांडव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला सायकलवर जायचंय. पहिल्याच दिवशी श्रीवर्धन गाठायचा प्लॅन आहे, रविवारी 100 किलोमीटर आरामात होतात. तंबू बीचवर लावू का? सासूबाई फार काळजी करतायत.

उत्तर : ताई, सांगलीचे 100 आणि कोकणातले 100 यात लय फरक आहे हो. तुमच्याकडे रस्ता सपाट, आणि रविवारी सायकलवर सामान नसतं. इथे प्रत्येक खाडीशी रस्ता समुद्राच्या लेव्हलला उतरतो आणि पलीकडे सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढतो, चढ छोटे पण उभे, त्यात मागे तंबू-कपड्यांचं ओझं. शिवाय मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी फेरीबोट आहे, ती चुकली की तासभर जेट्टीवर बसा. म्हणून पहिल्या दिवशी अलिबाग, रेवदंडा करत काशीदच्या आसपास थांबा, पन्नासेक किलोमीटर होतात, पुरे. दुसऱ्या दिवशी मुरूड, जंजिरा बघून निवांत फेरी पकडा. श्रीवर्धन तिसऱ्या दिवशी आलं तरी काय बिघडतंय?

सामान पाठीवर अजिबात नको, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे सायकलला अडकवायच्या पिशव्या, लावा आणि जड वस्तू खाली ठेवा. नवीन कॅरिअरचे बोल्ट सुरुवातीला ढिले होतातच, रोज सकाळी अ‍ॅलन की (बोल्ट आवळायची षटकोनी चावी) फिरवायची. गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला तर आधी सीट थोडी वर करून बघा, बऱ्याचदा सीट खाली असल्यानेच दुखतं. चढावर लाज न बाळगता सगळ्यात हलका गिअर टाका, तरी नाही जमलं तर उतरून ढकला. पॅडवाली शॉर्ट आत काही न घालता वापरायची आणि रोज धुवायची, पण दमट हवेत ती रात्रीत वाळत नाही म्हणून दोन लागतात. स्टोव्ह मात्र माझ्या मते घरीच ठेवा, खाणावळी मिळतात, फक्त रात्री उशिरा पोचलात तर उपाशी झोपाल.

आता तंबू. बीचवर नको. भरतीची रेषा संध्याकाळी कळत नाही, अमावस्या-पौर्णिमेला तर पाणी अजून आत येतं, आणि पुढे वेळास, आंजर्ल्याकडे थंडीत कासवं अंडी घालायला येतात, त्यांना उजेडाचा त्रास होतो. नारळाखाली तर मुळीच नाही, नारळ सोडा, वाळलेली झावळी पडली तरी तंबू फाटतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा पाच वाजताच गावात शिरा आणि एखाद्या घरी बाईमाणूस बघून सरळ विचारा, "काकू, खळ्यात तंबू लावू का?" नाहीतर देवळाच्या गुरवाला, पोलीस पाटलाला विचारा. मोकळ्या माळावर लपूनछपून झोपण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि सासूबाईंना त्याच काकूंशी फोनवर बोलायला द्या, लोकेशनपेक्षा त्याने जास्त धीर येतो (चढावर रेंज जाते हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर गोंधळ). दव खूप पडतं, तंबूची जाळी उघडी ठेवली नाही तर आतूनही पाणी ठिबकतं.

आणि दिघीला बोटीतून उतरलात की चढ सुरू होतो, बाटल्या आधीच भरून घ्या.