रोटरीचं ऑइल तापतंय आणि मधेच गचके बसतायत

प्रश्न: मी टेक्सासमध्ये असतो, गॅरेजमध्ये आरव्ही-7 हे किटचं छोटं विमान बांधलंय आणि त्यात जुन्या आरएक्स-7 गाडीचं बिनटर्बोचं माझदा 13बी रोटरी इंजिन टाकलंय. जमिनीवर सगळं मस्त, पण टेकऑफनंतर चढताना पाण्याचं तापमान नॉर्मल आणि ऑइल मात्र 230 फॅरनहाइटच्या पुढे. शिवाय थ्रॉटल वाढवताना एका ठरावीक जागी इंजिन गचके खातं, पुढे परत स्मूथ. प्लग, कॉइल बदलून झाले. रेडिएटर मोठा टाकू का?

उत्तर: रेडिएटरला हात लावू नका हो, पाणी जागेवर आहे म्हणताय ना! रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात आणि ते आतून ऑइलनेच थंड होतात, म्हणजे बाहेर टाकायच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग ऑइलच्या डोक्यावर असतो. कूलर कुठला ते तुम्ही लिहिलं नाही, पण आरव्हीमध्ये लायकमिंगला (विमानाच्या नेहमीच्या पिस्टन इंजिनाला) लावतात तो छोटा कूलर असेल तर तो इथे पुरणार नाही. नवीन घ्यायच्या आधी एक करा, पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक कूलरच्या पुढे, दुसरं मागे, आणि चढताना सोबतच्या माणसाला बघायला सांगा. दोन्हीकडच्या पाण्यात फारसा फरकच नसेल तर हवा कूलरमधून ढकललीच जात नाहीये, कडेच्या फटीतून पळतेय किंवा काउलमधून (इंजिनावरच्या झाकणातून) बाहेर पडायला वाट अपुरी आहे. फरक चांगला आहे आणि तरी तापतंय, तर मग कूलरच लहान. ऑइल 210 च्या आसपास राहिलं पाहिजे, तोवर लांबच्या फ्लाइट नकोत.

आता गचके. 13बी ला इंजेक्टरच्या दोन जोड्या असतात, कमी पॉवरला पहिली एकटी चालते आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब एका आकड्याला पोचला की कंट्रोलर दुसरी चालू करतो. तिथे मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, एकदम पातळ (पेट्रोल कमी) किंवा दाट (पेट्रोल जास्त) होतं. खात्री करायची तर कमी उंचीवर आणि मग बरंच वर जाऊन बघा, थ्रॉटल वेगळा पण दाब तोच असताना गचका बसला तर हाच प्रकार. विमान नीट बांधून, जमिनीवर त्या आकड्याच्या अलीकडचे पलीकडचे कंट्रोलरमधले मिक्श्चरचे कप्पे हळूहळू जुळवा, आणि शंका आली की दाट बाजूला ठेवा, कारण भरपूर लोडवर पातळ चाललं, डेटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट) झालं की एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, तुटतं. 100एलएल (शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल) वापरत असाल तर ऑक्सिजन सेन्सरवर आंधळा विश्वास नको, शिसं त्याला खातं.

प्रश्न: गरम इंजिन बंद केलं की पंधरा मिनिटांनी नुसतं फिरतं, पेट्रोलचा वास येतो पण पकडत नाही.

उत्तर: फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त साचलंय. पेट्रोलने सीलवरचं ऑइल धुतलं की कॉम्प्रेशन जातं. इंजेक्टरचा स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, थोडं थोडं क्रँक करा, मग स्विच चालू करून थ्रॉटल जवळजवळ बंद. प्रॉपसमोर कोणी नाही हे बघून! वारंवार होत असेल तर आधी इंजेक्टर गळतायत का बघा, मग कॉम्प्रेशन. साध्या कॉम्प्रेशन गेजचा व्हॉल्व काढून लावला की काट्याचे ठोके दिसतात, एका रोटरचे तीन, तिन्ही सारखे हवेत. एकच मऊ असेल तर बहुतेक साइड सील (रोटरच्या बाजूची पट्टी), लागोपाठ दोन मऊ असतील तर एपेक्स, कारण एक एपेक्स सील दोन खोल्यांची भिंत असतं.