तुमचे प्रश्न : टीमचा बिल्ड सर्व्हर

या वेळी आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त एकाच विषयावर होती, ऑफिसच्या कोपऱ्यात किंवा क्लाउडवर पडून असलेला तो एक सर्व्हर, ज्याच्यावर अख्ख्या टीमचे बिल्ड (कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करायची कामं) चालतात आणि ज्याला हात लावायला कुणी तयार नसतं. म्हणून सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न : आमची बारा जणांची टीम आहे. बिल्ड आपोआप चालवणारा जेनकिन्स हा प्रोग्राम २.३०३.३ वर आहे आणि सर्व्हरवर जावा ८ आहे. सिक्युरिटीवाल्यांनी महिन्याभरात अपग्रेड करा असा मेल टाकलाय. पण आमचा प्रोजेक्टच जावा ८ वर आहे आणि क्लायंट तो बदलू देत नाही, मग जेनकिन्स वर कसा नेणार? शिवाय ज्याने हे सगळं सेट केलं तो मुलगा दोन वर्षांपूर्वी सोडून गेला. डायरेक्ट लेटेस्टवर उडी मारली तर चालेल का? (नाशिकहून एक वाचक)

दादा, आधी त्या मेलबद्दल. ते लोक उगाच मागे लागलेले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये जेनकिन्सच्या कमांडलाइनमधली एक मोठी त्रुटी जाहीर झाली, तिच्यातून लॉगिन नसलेल्या माणसालाही सर्व्हरवरच्या फायलींच्या पहिल्या काही ओळी वाचता येत होत्या आणि साधी रीड परमिशन असली तर पूर्ण फाइल. दुरुस्ती आली २.४४२ मध्ये आणि एलटीएसला (जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला) २.४२६.३ मध्ये. तुम्ही २.३०३.३ वर म्हणजे ते दार अजून उघडंच आहे, त्यामुळे अपग्रेड होईपर्यंत निदान तो सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरून दिसत नाही एवढं आजच बघून घ्या.

आता जावाचा घोळ. हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की नीट सोडवूनच सांगतो. तुमच्याकडे जावा एक नाहीये, तीन आहेत. एक ज्याच्यावर जेनकिन्स स्वतः चालतो, दुसरा एजंट मशीनवरचा (जेनकिन्ससाठी प्रत्यक्ष बिल्ड चालवणारं मशीन), ज्याच्यावर एजंटचा प्रोग्राम चालतो, आणि तिसरा ज्याने तुमचा प्रोजेक्ट कंपाइल होतो. पहिले दोन जेनकिन्सच्या मागणीप्रमाणे वर न्यावेच लागतात, तिसरा खुशाल ८ वर राहू दे, टूल्सच्या सेटिंगमध्ये जेडीके ८ चा (जावाच्या कंपाइलरच्या किटचा) पाथ द्या आणि जॉबमध्ये, म्हणजे जेनकिन्सला ठरवून दिलेल्या कामात, तो निवडा, झालं. क्लायंटला सांगायचीसुद्धा गरज नाही कारण त्याच्या कोडला कुणी हात लावलेला नाही. एकच अडचण येते ती म्हणजे जॉब बनवताना कुणी 'मेव्हन प्रोजेक्ट' (मेव्हन हे जावाचे प्रोजेक्ट बिल्ड करायचं साधन) हा प्रकार निवडला असेल तर. त्या प्रकारात जेनकिन्स स्वतःचा कोड मेव्हनच्याच जावामध्ये घुसवतो, त्यामुळे जुन्या जेडीकेवर तो जॉब चालत नाही. असे जॉब आधी शोधा आणि साध्या फ्रीस्टाइलमध्ये किंवा पाइपलाइनमध्ये बदलून घ्या, हे काम अपग्रेडच्या आधीचं आहे, नंतरचं नाही.

उडी मात्र मारू नका. २.३०३.३ ला जावा ११ चालतो, म्हणून पहिली पायरी जेनकिन्सला न हलवता फक्त जावा ११ घालायचा, सर्व्हरवर आणि सगळ्या एजंटवर, आणि दोन-तीन दिवस बिल्ड बघायचे. मग जेनकिन्स २.४६२.३ वर न्या, जावा ११ वर चालणारी ती शेवटची एलटीएस. तिथे स्थिर झालात की जावा १७ घाला, आणि मगच २.४७९.१ वर जा (त्यापुढे जायचं तर त्या आवृत्तीला कोणता जावा लागतो ते आधी बघा), कारण तिथून १७ च्या खाली तो सुरूच होत नाही. अशा पायऱ्यांनी गेलं की काही तुटलं तर जावामुळे तुटलं की जेनकिन्समुळे हे लगेच कळतं, नाहीतर रात्री अकराला लॉगमध्ये चारशे ओळी लाल दिसतात आणि कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही.

वाटेत तीन जागा लक्षात ठेवा. २.३३२.१ पासून लिनक्स पॅकेज सिस्टमडीवर (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेवर) गेलंय, त्यामुळे पोर्ट किंवा मेमरीची सेटिंग जुन्या डिफॉल्ट फाइलमध्ये लिहिलेली असेल तर ती आता सिस्टमडीच्या ओव्हरराइड फाइलमध्ये आलीये का ते बघा. २०२३ मध्ये पॅकेजची साइनिंग की (पॅकेज खरं आहे हे तपासायच्या सहीची किल्ली) बदलली, अपडेट घेताना सहीची एरर आली तर सर्व्हर बिघडला समजू नका, त्यांच्या साइटवरून चालू की घ्या. आणि २.४७९ च्या आत स्प्रिंग सिक्युरिटी ६ (लॉगिन सांभाळणारी लायब्ररी) आलंय, ऑफिसच्या एलडॅपवरून (सगळ्यांच्या खात्यांच्या एकाच यादीवरून) लॉगिन होत असेल तर त्याचं प्लगिन (जेनकिन्सला जोडलेला जादा भाग) त्याच वेळी अपडेट करा, नाहीतर सर्व्हर वर येतो आणि आत कुणालाच जाता येत नाही.

पण या सगळ्याच्या आधीचं काम, आणि माझं कळकळीचं सांगणं हेच आहे, की अपग्रेडच्या आधी रिस्टोर करून बघा. बॅकअप घेतलाय हे पुरेसं नाही, तो दुसऱ्या मशीनवर उभा राहतोय का हे बघितलं तरच तो बॅकअप. जेनकिन्सचं सगळं एका होम फोल्डरमध्ये असतं, लिनक्सवर बहुतेक वेळा व्हार-लिबच्या खाली. सेवा थांबवून ते पूर्ण उचला. आत सीक्रेट्स नावाचं फोल्डर आहे, त्यात मास्टर की आणि हडसनच्या नावाची एक फाइल असते. बरेच जण हडसन म्हणजे काहीतरी जुनाट कचरा समजून ती सोडून देतात. अहो, जेनकिन्सचं मूळ नावच हडसन, कोहसुके कावागुची यांनी २००४ साली सन मायक्रोसिस्टम्समध्ये असताना ते लिहायला घेतलं आणि ओरॅकलशी नावावरून वाद झाल्यावर २०११ मध्ये जेनकिन्स झालं. ते जुनं नाव आतल्या कोडमध्ये आणि फायलींमध्ये आजही आहे. ती फाइल नसेल तर साठवलेले सगळे पासवर्ड आणि टोकन (पासवर्डच्या जागी वापरायच्या किल्ल्या) उघडतच नाहीत, जॉब सगळे दिसतात पण एकही चालत नाही.

आणि दुसऱ्या मशीनवरची ही कॉपी चालू करण्याआधी तिचं नेटवर्क तोडा. हे मी भोगलंय म्हणून सांगतो. एका जुन्या ठिकाणी आम्ही अशीच कॉपी दुसऱ्या मशीनवर उभी केली, स्क्रीनवर सगळे जॉब दिसले, खूश होऊन घरी गेलो. रात्री दहाला कॉपीमधले शेड्यूल केलेले जॉब आपापल्या वेळेला उठले, त्यांच्याकडे खरेच पासवर्ड होते, आणि टेस्टिंगच्या सर्व्हरवर तीन दिवसांपूर्वीचा बिल्ड चढवला. सकाळी टेस्टिंगची ताई विचारत होती की काल बंद केलेले बग परत कसे उघडले, तिचा अख्खा दिवस त्यात गेला. नेटवर्क तोडणं जमत नसेल तर होममधल्या इनिट-ग्रूव्ही (init.groovy.d) फोल्डरमध्ये क्वाएट-डाउन करणारी एका ओळीची स्क्रिप्ट ठेवा, म्हणजे सर्व्हर वर येतो पण नवा बिल्ड सुरू करत नाही.

परत मागे यायची वेळ आली तर नुसती जुनी वॉर फाइल (जेनकिन्सचा प्रोग्राम असलेली फाइल) टाकून येऊ नका, नव्या प्लगिननी कॉन्फिग फायली नव्या पद्धतीने लिहिलेल्या असतात. जुनी वॉर आणि जुनं होम, दोन्ही जोडीने. बारा जणांना बुधवारी सकाळी सांगून करा, शुक्रवारी संध्याकाळी नाही.

प्रश्न : दर पंधरा दिवसांनी आमचा बिल्ड नोड (बिल्ड चालवणारं मशीन) आपोआप ऑफलाइन जातो. रिस्टार्ट केला की दोन तास चालतो. डिस्कवर बघितलं तर कधीकधी जागा शिल्लक दिसते, मग प्रॉब्लेम काय? (पुण्याहून एक वाचक)

तुमचा नोड बिघडलेला नाही, तो स्वतःला वाचवतोय. जेनकिन्स प्रत्येक नोडची डिस्क आणि टेम्प फोल्डर बघत असतो आणि मोकळी जागा डिफॉल्ट १ जीबीच्या खाली गेली की नोड ऑफलाइन करतो. नोडच्या पानावर कारण लिहिलेलं असतं, रिस्टार्टच्या आधी ते वाचा. टेम्पचं पार्टिशन वेगळं असेल तर मुख्य डिस्क अर्धी रिकामी असूनही असं होतं.

दुसरं म्हणजे आयनोड, डिस्कवर प्रत्येक फाइलला लागणारी एक नोंद, आणि या नोंदी मोजक्याच असतात. फ्रंटएंडचे प्रोजेक्ट असतील तर नोड-मॉड्यूल्समध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये) लाखो बारीक फायली जमतात आणि जीबी शिल्लक असूनही नवीन फाइल बनत नाही. डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड एच लावून (df -h) चालवता तशी एकदा आय लावून (df -i) चालवा, तिथे १०० टक्के दिसलं तर तुमचं उत्तर तेच. आणि कुणी मोठी लॉग फाइल डिलीट केली पण ती उघडून बसलेला प्रोग्राम चालूच असेल तर जागा सुटत नाही, तो प्रोग्राम बंद झाल्यावरच सुटते. रिस्टार्टनंतर थोडा वेळ बरं वाटतं त्यामागे हेही असू शकतं.

कायमचा इलाज म्हणाल तर प्रत्येक जॉबला 'जुने बिल्ड काढून टाका' हे सेटिंग लावा. बिल्डची नोंद आणि आर्टिफॅक्ट (बिल्डमधून तयार झालेल्या फायली) यांना वेगवेगळी मर्यादा देता येते, नोंद बारीक असते ती पन्नास ठेवा, दोनशे-तीनशे एमबीची आर्टिफॅक्ट पाचच ठेवा. डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर प्रून, म्हणजे न वापरलेलं काढून टाकणारी कमांड, चालवा, पण आधी टीमला विचारा, कारण थांबवून ठेवलेले कंटेनर त्यात जातात आणि कुणीतरी बग पकडायला म्हणून तो कंटेनर ठेवलेला असतो.

प्रश्न : काही बदललं नसताना आमचे निम्मे जॉब एका सोमवारी सकाळी कोड घ्यायलाच नकार देऊ लागले. शुक्रवारी एक सहकारी कंपनी सोडून गेली एवढंच. (कोल्हापूरहून एक वाचक)

एवढंच नाही ताई, तेच कारण आहे. ते जॉब तिच्या वैयक्तिक टोकनवर चालत होते, खातं बंद झालं, टोकन गेलं. जॉबला माणसाचं टोकन कधीच देऊ नका, प्रोजेक्टचं टोकन किंवा डिप्लॉय की (माणसाच्या नाही, प्रोजेक्टच्या नावाची किल्ली) द्या, आणि फक्त वाचायचा अधिकार द्या. गिटलॅब (टीमचा कोड साठवायचा सर्व्हर) असेल तर मुदतीची तारीखही लिहून ठेवा. मे २०२३ मध्ये आलेल्या १६.० पासून टोकनला मुदत सक्तीची झाली, आणि आधीच्या बिनमुदतीच्या टोकनना एक वर्षाची मुदत लागली, त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात कितीतरी टीमचे जॉब असेच एका सकाळी बंद पडले होते.

प्रश्न : गिटलॅब १५ वरून १७ वर न्यायचंय. रोजचा बॅकअप चालू आहे. आणखी काय बघू? (पणजीहून एक वाचक)

रोजचा बॅकअप उघडून बघा, त्यात गिटलॅब-सीक्रेट्स ही फाइल आणि मुख्य कॉन्फिग फाइल नसणार. नेहमीची बॅकअप कमांड त्या घेतच नाही, मुद्दाम घेत नाही, कारण कुलूप आणि किल्ली एका पिशवीत ठेवायची नसते. त्या दोन फायली वेगळ्या आणि सुरक्षित जागी ठेवा. बॅकअप ज्या व्हर्जनचा त्याच व्हर्जनवर रिस्टोर होतो, म्हणून बॅकअपच्या नावाशेजारी व्हर्जनही लिहा.

१५ वरून सरळ १७ वर जाता येत नाही, मध्ये थांबे ठरवून दिलेले आहेत आणि प्रत्येक थांब्यावर उतरावंच लागतं. गिटलॅबच्या साइटवर अपग्रेड पाथचं टूल आहे, त्यात तुमचं आजचं व्हर्जन टाकलं की थांब्यांची यादी मिळते. प्रत्येक थांब्यावर पोचल्यावर ॲडमिनमध्ये बॅकग्राउंड मायग्रेशनचं (जुना डेटा नव्या रचनेत हलवण्याच्या कामांचं) पान उघडा, सगळी पूर्ण झाली असं दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. साइट चालू झाली, लोक पुश करतायत (कोड पाठवतायत), म्हणजे झालं असं वाटतं पण आत मायग्रेशन चालूच असतं. मोठ्या डेटाबेसवर याला तास नाही, दिवस लागतात, त्यामुळे मॅनेजरला एका रात्रीत होईल असा शब्द देऊ नका, आधी दुसऱ्या मशीनवर एकदा पूर्ण प्रवास करून किती वेळ लागतो ते मोजा आणि मगच तारीख सांगा.