धूर, उंदीर आणि निळा डाग

प्रश्न : डिझेलच्या धुराने अ‍ॅलर्जी बळावते, हे उंदरांवर कसं तपासतात? उंदरांच्या शिंका मोजतात का?

उत्तर : शिंका मोजणारेही आहेत, पण आम्ही प्रयोगशाळेतले जुने लोक रक्तावर जास्त विसंबतो. उंदरांचे चार गट करायचे. एकाला नुसतं सलाईन, दुसऱ्याला अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन, तिसऱ्याला फक्त धुराचे कण, चौथ्याला प्रथिन आणि कण दोन्ही. काही आठवड्यांनी त्या प्रथिनाविरुद्धची आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं मोजायची. चौथा गट दुसऱ्याच्या बराच पुढे गेला, तर धूर आगीत तेल ओततोय. तिसऱ्या गटाचा खर्च वाचवणाऱ्याचे निष्कर्ष मी तरी वाचत नाही.

पूर्वी मोजणी मोठी देखणी असे. उंदराचं रक्तद्रव रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, कातडीत टोचायचं, मग शिरेतून तेच प्रथिन आणि निळा रंग. आयजीई असेल तिथे निळा डाग उमटे; पट्टी घेऊन त्याचा व्यास मोजायचा!

१९८६मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवर धुराचा हा परिणाम दाखवला, तिथल्या सुगी (जपानी सीडर) झाडाच्या परागांबाबतही. मात्र त्यांनी कण पोटात टोचले होते. सिग्नलवर आपण धूर नाकाने ओढतो, म्हणून पुढे हुंगवण्याचे प्रयोग करावे लागले.