सुनावणीत बोलून काय बदलतं?

प्रश्न: शहराबाहेर घर स्वस्त मिळतंय, पण कामावर पोचायला दीड तास लागेल. आणि विकास आराखड्याच्या सुनावणीत बोलून खरंच काही होतं का?

उत्तर: हप्त्यात प्रवासखर्च मिळवा, मगच स्वस्त म्हणा. अमेरिकेतला एक रूढ निर्देशांक दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंत परवडणारं मानतो. वाया जाणारे तास त्यात येत नाहीत, हे मला फार खटकतं.

अमेरिकी धोरण-अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसतं मत विचारणं चौथ्या पायरीवर; निर्णयातला वाटा सहावीपासून. मी नियोजनकार म्हणून अशा सुनावण्यांना बसते. आराखडा छापल्यावर आलेली हरकत क्वचितच टिकते. म्हणून आराखड्याआधीचं सर्वेक्षण चालू असतानाच जा आणि कुठली बस किती वाजता चुकते, ते लेखी द्या.