सारमध्ये निवडणूक झालीच नव्हती

प्रश्न असा आहे. दोन महायुद्धांमधल्या युरोपावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना प्रश्नकर्त्यांनी ‘सार प्रदेशातील १९३५ ची निवडणूक’ असं लिहिलं. तपासणाऱ्याने ‘निवडणूक’ खोडून ‘सार्वमत’ केलं. तिसऱ्या कुणीतरी ‘कौल’ जास्त मराठी वाटेल असं सुचवलं. तर यातलं बरोबर कोणतं, की तिन्ही एकच?

तिन्ही एक नाहीत. खोडणाऱ्याचं बरोबर होतं. पण ‘कौल’ सुचवणाऱ्याची बाजूही मला घ्यायची आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी निवडणूक. हा शब्द सरळ स्वयंपाकघरातून आला आहे. तांदूळ निवडायचे, पालेभाजी निवडायची. खडे बाजूला, दाणे ताटात. शेजारच्या भाषांनीही हेच केलं आहे. कोकणीत ‘वेंचणूक’ म्हणतात, म्हणजे आपण फुलं वेचतो तेच वेचणं. गुजरातीत ‘चूंटणी’, म्हणजे खुडणं. (मराठीने त्याला जो ‘-णूक’ लावला, तोच मिरवणूक, करमणूक आणि फसवणूक यांनाही लागतो. ही व्याकरणाची नोंद आहे, टोमणा नाही.) निवडायचं म्हटलं की समोर एकाहून जास्त दाणे हवेत आणि शेवटी हातात काहीतरी उरायला हवं. निवडणुकीत हातात माणूस उरतो, तो निवडून येतो.

सारमध्ये कोणीच निवडून आलं नाही. सार म्हणजे आमसुलाचं नव्हे, फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरचा कोळसा खाणींचा मुलूख. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने तिथल्या खाणी फ्रान्सला दिल्या आणि कारभार १५ वर्षांसाठी राष्ट्रसंघाकडे, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेकडे. मुदत संपल्यावर लोकांना विचारायचं ठरलं होतं: जर्मनीत जाता, फ्रान्समध्ये जाता, की राष्ट्रसंघाचाच कारभार चालू ठेवू? १३ जानेवारी १९३५ रोजी मतं पडली. विचारलं त्यांनाच, जे २८ जून १९१९ रोजी, म्हणजे तहावर सह्या झाल्या त्या दिवशी, तिथे राहत होते. बाया-पुरुष दोघांनाही. ९० टक्क्यांहून थोडी जास्त मतं जर्मनीकडे गेली, जेमतेम ९ टक्के ‘आहे तसंच’ म्हणाले आणि फ्रान्सला अर्धा टक्काही मिळाला नाही. १ मार्चला मुलूख जर्मनीच्या ताब्यात गेला. यात उमेदवार नव्हता, मतदारसंघ नव्हता, कुणाच्या गळ्यात हार पडला नाही. प्रश्न ‘कोण?’ असा नव्हताच, ‘काय करायचं?’ असा होता. जर्मन भाषा हा फरक शब्दातच पाळते. निवडणूक म्हणजे ‘वाल’, आणि असलं मत देणं म्हणजे ‘आब्श्टिमुंग’. त्यातल्या ‘श्टिम’चा अर्थ आवाज. मराठीत आपण मत देतो, म्हणजे मनात जे येतं ते. इंग्रजी ‘व्होट’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा मूळ अर्थ नवस. देवळाकडे आपण परत येणारच आहोत.

आता सार्वमत. पुष्कळ जण विचारतात, ‘सर्वमत’ का नाही? सर्वांचं ते सार्व. सार्वजनिक, सार्वकालिक, सार्वभौम यांच्याच पंगतीतला हा शब्द. (अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यातल्या वाचकाला सार्वमत म्हटलं की आधी तिथलं दैनिकच आठवेल.) ‘सर्वमत’ म्हटलं असतं तर सगळ्यांचं मत एकच पडलं असा वास आला असता, आणि त्यासाठी आपल्याकडे एकमत, सर्वानुमत हे शब्द आहेत. सार्वमतात सगळ्यांना विचारलं जातं. सगळे एकच उत्तर देतील असं कुणी म्हटलेलं नाही.

अर्थात ‘सगळ्यांना’ म्हणजे कुणाला, यावरून रामायणं घडली आहेत. वायमर प्रजासत्ताकाच्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मनीच्या, घटनेत दोन पायऱ्या होत्या. आधी लोकांनी सह्या करून मागणी करायची, आणि संसदेने ती मानली नाही तर मग लोकांनीच मतं टाकून निकाल लावायचा. दोन पायऱ्यांना जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द होते. मराठीत ‘लोकमागणी’ आणि ‘लोकनिर्णय’ करता येतील, कारण दोन्हीकडे ‘सार्वमत’ टाकलं की वाचकाचा गोंधळ ठरलेला. २० जून १९२६ रोजी जुन्या राजेरजवाड्यांची मालमत्ता भरपाई न देता ताब्यात घ्यावी का, यावर मतदान झालं. जवळजवळ १ कोटी ४५ लाख लोकांनी ‘होय’ म्हटलं, वैध मतांच्या ९६ टक्के. तरीही प्रस्ताव पडला. अट अशी होती की एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी ‘होय’ म्हणायला हवं, आणि मतदान झालं होतं ३९ टक्के. विरोधकांनी आपल्या माणसांना ‘नाही’ म्हणायला सांगितलंच नाही, ‘घरी बसा’ म्हणून सांगितलं. यात आणखी एक गोम होती. केंद्राकडे जाताना जो दिसला तो कोणत्या बाजूचा हे साऱ्या गावाला कळत होतं. ‘सार्व’ शब्दावर इतका जोर दुसऱ्या कुठल्या सार्वमताने दिला असेल असं मला वाटत नाही.

निवडणूक आणि सार्वमत हे एकच नव्हेत याचा माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र ऑस्ट्रेलियातला आहे. ८ एप्रिल १९३३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लोकांना विचारण्यात आलं की ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यातून बाहेर पडायचं का. १,३८,६५३ म्हणाले ‘होय’, ७०,७०६ म्हणाले ‘नाही’. जवळपास दोन तृतीयांश. त्याच दिवशी विधानसभेची निवडणूकही होती. त्यात हे सार्वमत घडवून आणणारे प्रीमियर (तिथले मुख्यमंत्री) जेम्स मिचेल यांचा पक्ष आपटला, स्वतः मिचेलही पडले, आणि फुटून निघण्याच्या विरोधात असलेला मजूर पक्ष सत्तेवर आला. लोक वेडे नव्हते. फुटण्याचा प्रश्न वेगळा आणि महामंदीच्या दिवसांत कारभार कोण नीट चालवेल हा प्रश्न वेगळा. दोन प्रश्नांची त्यांनी दोन उत्तरं दिली. नव्या सरकारने ती मागणी लंडनला नेऊन पोचवली, १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेने ती दाखल करून घ्यायलाच नकार दिला आणि विषय तिथेच संपला.

आता माझा लाडका शब्द, कौल. छपराचं कौल वेगळं, त्याचा इथे संबंध नाही. हा कौल मूळ अरबी, अर्थ ‘शब्द’, दिलेला शब्द. फारसीच्या वाटेने तो दफ्तरात आला. उजाड गावात रयतेने परत येऊन वस्ती करावी म्हणून सरकार सवलतीचा कौलनामा देई. कौल-करार ही जोडी अजून ऐकू येते. दफ्तरातून तो देवळात कधी गेला कोण जाणे, पण कोकणात आणि गोव्यात तो तिथे घट्ट बसला. माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूला. लग्न, घर, विहीर, काहीही असो, गुरव देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला भिजवलेल्या पाकळ्या लावायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि सगळे टक लावून बसायचे. उजवी पडली तर पुढे जा, डावी पडली तर थांबा. मामा दर वेळी गुरवाला बजावायचा, एका वेळी एकच विचार. ‘विहीर खणू का आणि उत्तरेला खणू का’ असं एका दमात विचारलं तर देवाने उत्तर द्यायचं तरी कशाचं?

शब्दाची गंमत इथे आहे. दफ्तरात कौल सरकार देत होतं, देवळात देव देत होता. विचारणारी, वाट बघणारी ती रयत. आज आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतो तेव्हा पाट बदललेले असतात: विचारतं सरकार आणि देवाच्या जागी बसलेली असते रयत. लोकशाही म्हणजे काय हे एवढ्या थोडक्यात सांगणारा दुसरा मराठी शब्द मला माहीत नाही. म्हणूनच वर्तमानपत्रं प्रत्येक ग्रामपंचायतीच्या निकालाला ‘कौल’ म्हणतात तेव्हा जरा चुटपुट लागते. चूक नाही, पण शब्द स्वस्त होतो. कौल म्हणजे होय की नाही. सरपंच कोण, हे विचारायला निवडणूक आहे.

कधी कधी निवडणुकीलाच कौलाचं रूप दिलं जातं, हेही खरं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुका काँग्रेसने ब्रिटिशांचा १९३५ चा भारत सरकार कायदा नाकारायचा म्हणून लढवल्या. मुंबई इलाख्यात १७५ पैकी ८६ जागा तिला मिळाल्या. तो कायद्याला नकार होता की मंत्रिमंडळ बनवायला होकार, यावर पक्षातच खल चालला, आणि जुलैत बाळासाहेब खेरांनी त्याच कायद्याखाली सरकार बनवलं. माणसं निवडून दिली की त्यामागचं उत्तर ज्याचं त्याने लावायचं असतं.

याच्या उलट प्रकार इटलीत झाला, आणि तुमच्या अनुवादात तो आला तर खरी पंचाईत तिथे होईल. २४ मार्च १९२९ च्या इटालियन ‘निवडणुकी’त मुसोलिनीच्या फासिस्ट महापरिषदेने ठरवलेल्या ४०० नावांची एकच यादी होती. मतदाराने म्हणायचं ‘होय’ किंवा ‘नाही’. ‘होय’चा कागद राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा, ‘नाही’चा साधा पांढरा. ८५ लाखांवर होकार आले, नकार सुमारे १ लाख ३६ हजार. १९३४ मध्ये पुन्हा तेच झालं, तेव्हा नकार उरले १५ हजारांच्या आसपास. निवडलेलं ताट समोर आणून ठेवलं आणि म्हणाले, जेवता का उठता? याला निवडणूक म्हणवत नाही. रूप कौलाचं आहे, पण पाकळी एकाच अंगाला लावलेली. मी अनुवाद करत असतो तर ‘निवडणूक’ अवतरणात ठेवून पुढच्याच वाक्यात यादीची हकिकत सांगितली असती.

ऑस्ट्रियात तर दोन्ही बाजूंनी गाऱ्हाणं वाकडं घातलं गेलं. चॅन्सेलर शुशनिग यांनी १३ मार्च १९३८ ला सार्वमत घेणार असं जाहीर केलं: स्वतंत्र, जर्मन, ख्रिस्ती, एकसंध ऑस्ट्रिया हवा का? छापील मतपत्रिका फक्त ‘होय’च्या असणार होत्या. ‘नाही’ म्हणायचं तर कागद घरून आणा. हिटलरने धमकी देऊन ११ तारखेला ते रद्द करायला लावलं, १२ ला फौजा आत आल्या, आणि १० एप्रिलला त्याने स्वतःचं मतदान घेतलं. त्या मतपत्रिकेवर मधोमध ‘या’चं (म्हणजे होय) मोठं वर्तुळ आणि कडेला ‘नाइन’चं (म्हणजे नाही) लहान. ज्यूंना मताधिकार नव्हता. ऑस्ट्रियातला जाहीर निकाल ९९.७ टक्के. पण मला त्या वर्तुळांपेक्षा वरचं वाक्य जास्त खुपतं. त्यात विचारलं होतं की झालेलं विलीनीकरण तुला मान्य आहे का, *आणि* आमच्या नेत्याच्या यादीला तू मत देतोस का. म्हणजे कौल आणि निवडणूक एकाच वर्तुळात. माझ्या मामाने असल्या गुरवाला देवळाबाहेर काढला असता.

म्हणजे सार्वमत चांगलं नि निवडणूक वाईट असं काही नाही, आणि उलटही नाही. डेन्मार्क-जर्मनीच्या सीमेवरच्या श्लेस्विगमध्ये १९२० साली प्रश्न सरळ होता, डेन्मार्क की जर्मनी. तरी उत्तरेच्या पट्ट्यातली मतं एकगठ्ठा मोजायची असं आधीच ठरलं होतं. त्यामुळे टोंडर शहरात जर्मनीला बहुमत असूनही ते डेन्मार्कात गेलं, कारण अख्ख्या पट्ट्याने पाऊण हिश्श्याने डेन्मार्क म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी वरच्या सायलेशियात सुमारे ६० टक्के लोकांनी जर्मनीला मत दिलं आणि मुलूख शेवटी जर्मनी आणि पोलंड या दोघांत वाटला गेला. दोन्हीकडे कौल लागला, पण त्याचा अर्थ गुरवाने सांगितला.

आपल्या भागात हा शब्द नेमका वापरल्याचं उदाहरण गोव्याचं. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, असं तिथे विचारलं गेलं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, पानांना १,७२,१९१. गोव्यात त्याला ‘जनमत कौल’ म्हणतात, आणि अगदी बरोबर म्हणतात. पुढे मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच गोवेकरांनी विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला आणि भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही ती यामुळे.

तर तुमच्या मजकुरात ‘सारमधील सार्वमत’ ठेवा. पुढे एखाद्या वाक्यात ‘सारच्या जनतेने जर्मनीच्या बाजूने कौल दिला’ लिहिलंत तर उत्तमच. आणि ऑस्ट्रियाची ती मतपत्रिका लेखात येणार असेल तर ‘या’साठी ‘हो’ नको, ‘होय’ घ्या. ‘हो’ आपण चहा घेणार का विचारल्यावर म्हणतो.